ज्या भाषेत संमती घेतलीत, त्याच भाषेत निष्कर्षही सांगा

मुंबईतील विद्यापीठांचे कुलगुरू, संशोधन संस्थांचे संचालक आणि संशोधन नैतिकता समित्यांचे सर्व सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं पान असतं. त्यात गाईडचे, घरच्यांचे, ग्रंथपालांचे आभार मानून झाले की 'फील्डवर मदत करणाऱ्या सर्वांचे' अशी एक ओळ येते. त्या ओळीतली मी एक. प्रश्नावली घेऊन घरोघरी जायचं, संमतीपत्र वाचून दाखवायचं, मुलाखत रेकॉर्ड करायची आणि रात्री कानाला हेडफोन लावून ती शब्दन् शब्द उतरवून काढायची, हे माझं काम. काम कंत्राटी असतं, एक प्रकल्प संपला की दुसरा शोधायचा. त्यामुळे एकाच विषयाशी बांधली गेले नाही. मधुमेहाच्या अभ्यासासाठी बायकांच्या कमरेचा घेर मोजला, पहाटे ससून डॉकला उभं राहून मासळीची लांबी लिहून घेतली, गिरणीत काम केलेल्या आजोबांकडून शक्ती-तुऱ्याची, म्हणजे दोन पार्ट्यांत सवाल-जवाब रंगणाऱ्या कोकणी लोककलेची, गाणी उतरवून घेतली. या एका शहरात किती निरनिराळ्या प्रश्नांमागे माणसं आयुष्य घालवतात, ते मला या कामामुळे जवळून पाहता आलं. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच हे पत्र तक्रारपेटीत न टाकता सर्वांसमोर लिहिते आहे.

माझी मागणी अशी: ज्या माणसांकडून तुम्ही माहिती, रक्त, आवाज, वेळ घेता, त्यांना त्या संशोधनातून काय निघालं ते त्यांच्याच भाषेत, त्यांच्या दारात जाऊन सांगा. सवड मिळाली तर सांगू, असं नको. प्रबंध मान्य होण्याची ती अटच करा.

संमतीपत्रात काय लिहिलेलं असतं ते तुम्हाला पाठ आहे. ते ऐकलं कसं जातं, ते मी सांगते. दुपारची जेवणं उरकून बाई जरा टेकलेली असते. मी दाराबाहेर चप्पल काढते, ओळखपत्र दाखवते, पाणी घेते आणि वाचायला लागते. माहिती गुप्त ठेवली जाईल. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. मधेच थांबायचं असेल तर थांबा, त्यामुळे तुमच्या उपचारांत काही फरक पडणार नाही. या अभ्यासातून तुम्हाला थेट फायदा होणार नाही, पण समाजाला होईल. या शेवटच्या वाक्याला हमखास कुणीतरी विचारतं, "समाजाला म्हणजे कुणाला गं?" आणि सही करताना, किंवा अंगठा उमटवून बोट पदराला पुसताना, दुसरा प्रश्न येतो, "मग काय निघालं ते कळवाल ना आम्हाला?"

या प्रश्नासाठी प्रश्नावलीत रकाना नसतो. आम्हाला जे प्रशिक्षण दिलं जातं त्यातही त्याचं ठरलेलं उत्तर नसतं.

ते संमतीपत्र मात्र चोख मराठीत असतं. गरजेप्रमाणे हिंदीत, उर्दूत, गुजरातीत, तमिळमध्येही असतं. तुमच्या समित्या त्या मराठी मसुद्याचं पुन्हा इंग्रजी करून घेतात आणि मूळ इंग्रजीशी ताडून पाहतात, शब्द इकडचा तिकडे झाला तर परत पाठवतात. हे मी अनेकदा पाहिलं आहे आणि मला ते फार योग्य वाटतं. माणसाला समजल्याशिवाय त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, हा मोठा संस्कार आहे. पण घेऊन झाल्यावर तोच संस्कार कुठे जातो? निष्कर्ष इंग्रजीत लिहिले जातात, परदेशी नियतकालिकात छापले जातात, आणि पुष्कळदा पैसे भरल्याशिवाय ते उघडतही नाहीत. ज्या बाईने अर्धी दुपार दिली, तिच्यासाठी संशोधन माझ्या पाठीबरोबर जिना उतरून गेलेलं असतं.

मी परळला राहते. आमच्या चाळीतून निघालं तर केईएम, टाटा रुग्णालय, वाडिया, हाफकिन, प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था, केईएमच्या आवारातली इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, सगळं पायी अर्ध्या तासाच्या आत आहे. जगाने दखल घ्यावी असं काम या एवढ्याशा टापूत झालेलं आहे. 1952 साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली आणि त्याला आपल्या शहराचं नाव मिळालं. बॉम्बे रक्तगट आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा असतो. नेहमीच्या तपासणीत तो 'ओ' म्हणून दिसतो, पण त्या माणसाला 'ओ' गटाचं रक्त चढवलं तर जीवावर बेतू शकतं, त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. परळमध्ये जन्म काढलेल्या किती जणांना हे माहीत आहे, ते एकदा आमच्या चाळीच्या गॅलरीत उभं राहून विचारा.

टाटा रुग्णालयाच्या एका कामाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारख्या बायकांनीच ते उभं केलं आहे. 1998 मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधून सुमारे दीड लाख बायकांना घेऊन एक चाचणी सुरू झाली. वय 35 ते 64. निम्म्या बायकांच्या गर्भाशयमुखाची दर दोन वर्षांनी तपासणी करायची, तीही महागड्या यंत्राने नाही. व्हिनेगरमध्ये असतं ते ॲसेटिक ॲसिड, त्याचं चार टक्क्यांचं द्रावण लावायचं आणि मिनिटभराने नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. पांढरा डाग दिसला तर पुढच्या तपासणीला पाठवायचं. हे करणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. किमान दहावी झालेल्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. बारा वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी निघाले. याच बायकांमध्ये स्तनांची हाताने तपासणीही केली जात होती. तिचे निकाल 2021 मध्ये आले. सगळ्या वयांच्या बायका एकत्र धरल्या तर फरक ठाम म्हणावा असा नव्हता, पण पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटलेले दिसले.

दहावी झालेली बाई, हातात कापसाचा बोळा, आणि मृत्यू एक तृतीयांशाच्या आसपास कमी! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ काही बोलू शकले नव्हते. पण या कामावर टीकाही झाली. तुलनेसाठीच्या गटातल्या पाऊण लाखाहून अधिक बायकांना आरोग्यशिक्षण दिलं गेलं, तपासणी दिली गेली नाही. ते योग्य होतं का, त्यांना ते पुरेसं समजलं होतं का, यावर संशोधकांमध्ये जोरदार वाद झाला. दोन्ही बाजूंनी गंभीर माणसं होती आणि दोन्ही बाजूंचं मला काही अंशी पटतं. खटकतं ते एवढंच, की हा वाद इंग्रजी नियतकालिकांच्या पानांवर झाला. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने स्तनांची तपासणी करून घेण्यात काय हशील आहे, याचं उत्तर आपल्याच शहरातल्या बायकांच्या शरीरांवरून मिळालं. आज माझ्या चाळीतल्या पन्नाशीच्या बाईला ते विचारलं, तर ती व्हॉट्सॲपवर आलेला लिंबू-हळदीचा उपाय सांगते. ती अडाणी नाही. तिच्यापर्यंत जे पोचलं ते ती सांगते.

लोकांना समजणार नाही, असं कृपा करून म्हणू नका. जुलै 2020 मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी तीन वॉर्डांत, करोना होऊन गेल्याचं दाखवणाऱ्या रक्तातल्या अँटिबॉडींचं सर्वेक्षण केलं: दहिसरचा आर-उत्तर, चेंबूरचा एम-पश्चिम, माटुंग्याचा एफ-उत्तर. जवळपास सात हजार नमुने होते. झोपडपट्टीतल्या 57 टक्के लोकांमध्ये अँटिबॉडी सापडल्या, इमारतींमध्ये 16 टक्क्यांमध्ये. हा निकाल महिनाअखेरीस जाहीर झाला, मराठी वर्तमानपत्रांत आला, टीव्हीवर आला. आणि पुढचे कित्येक दिवस पाण्याच्या नळापाशी त्यावर चर्चा चालू होती. सार्वजनिक संडास आहेत म्हणून आकडा मोठा आहे का? एवढ्यांना होऊन गेला तर कळलं कसं नाही? अँटिबॉडी किती दिवस टिकतात? नमुना तीनच वॉर्डांचा आहे, मग सगळ्या मुंबईला कसा लागू करायचा? हा शेवटचा प्रश्न मला एका रिक्षावाल्याने विचारला होता. तुमच्या व्हायवामध्ये, प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, बाहेरचे परीक्षक हाच प्रश्न विचारतात.

आणि सांगितलं नाही तर काय होतं, तेही या शहराने पाहिलेलं आहे. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीला डॉ. व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर घरं तपासणं, रोग्यांना उचलून नेणं सुरू झालं. का, कशासाठी, हे समजावून सांगायला कुणी आलं नाही. ऑक्टोबरअखेरीस गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. आत नेलेली माणसं मारून टाकतात, अशी वदंता होती. याच दिवसांत शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन हे ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत प्लेगवरची लस तयार करत होते. जानेवारी 1897 मध्ये ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. एकाच शहरात, त्याच महिन्यांत, एकीकडे एवढं थोर काम आणि दुसरीकडे एवढा अविश्वास. ते आर्थर रोडचं रुग्णालय म्हणजेच आजचं कस्तुरबा. 2020 च्या त्या सर्वेक्षणात कस्तुरबाचाही सहभाग होता. या वेळी लोकांनी हात पुढे केला, आणि आकडा त्यांच्यापर्यंत आला.

मासळीचं थोडक्यात सांगते. वर्सोव्याला मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था 1961 पासून आहे. पापलेट 2023 पासून राज्यमासा आहे आणि तो कमी होतोय हे कोळणींना कुणी सांगायची गरज नाही. डॉकवर टोपलीतला मासा उचलून मी पट्टीवर ठेवते, तेव्हा त्या हसत हसत म्हणतात, "मोजून नेता ते ठीक, पण म्हावरं कमी का झालं ते कधी सांगणार?" लहान पिल्लं पकडू नका, हा नियम त्यांना दंडाच्या पावतीवरून कळतो. त्यामागचं कारण त्यांनीच मोजू दिलेल्या मासळीतून निघालेलं आहे, हे कळायला हवं होतं नियमाच्या आधी.

संस्कृतीच्या अभ्यासांबद्दल लिहिताना मात्र मला जास्त त्रास होतो. आरोग्याच्या संशोधनाला निदान नियम तरी आहेत.

काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पात मी गिरणगावातल्या कलाकारांच्या मुलाखती घेत होते. लालबागच्या एका चाळीत एक आजोबा भेटले. रत्नागिरीकडचे. दिवसपाळीला सूत आणि रात्री शक्ती-तुऱ्याची बारी, असं त्यांचं तरुणपण गेलेलं. 1982 चा संप झाला, गिरणी गेली, गाणं राहिलं. त्यांनी स्वतः रचलेली कवनं जुन्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवली होती, शाई फिकी झालेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. आम्ही त्या वहीचं पानन् पान फोटो काढून घेतलं. त्यांनी गाऊनही दाखवलं. दम लागायचा, मधे थांबायचे, पाणी प्यायचे, पुन्हा वरच्या पट्टीत सुरू. एकदा सवाल गाऊन झाल्यावर स्वतःच जवाब गायले आणि म्हणाले, "समोरची पार्टी आता राहिली नाही ना, म्हणून दोन्हीकडनं मीच."

ते गेले. वही पुढच्या पावसाळ्यात भिजून गेली. त्यांच्या सूनबाई मला रस्त्यात भेटल्या, म्हणाल्या, "ताई, त्या रेकॉर्डिंगची कॉपी मिळेल का? वर्षश्राद्धाला लावली असती. नातवाने त्यांचं गाणं कधी ऐकलंच नाही." मी चौकशी केली. प्रकल्प संपला होता, हार्ड डिस्क कुणाकडे आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या मुलीच्या प्रबंधासाठी हे झालं, ती नोकरीला दुसऱ्या शहरात गेली होती. ती मनाने वाईट नाही, तिला फोन केला तेव्हा तिलाही वाईट वाटलं. तिचा प्रबंध मला सापडला. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर आहे, कुणीही वाचू शकतं. त्यात आजोबांची सात-आठ कवनं आहेत, सगळी इंग्रजी भाषांतरात. मूळ मराठी ओळ एकही नाही, कारण प्रबंधाच्या नियमात ती बसली नसावी. ते गाणं आता त्यांच्या घरी नाही, आणि ज्या भाषेत ते रचलं त्या भाषेतही कुठे नाही.

यात दुष्टपणा कुणाचाच नाही. पण परत देणं हे कुणाचंच काम म्हणून ठरवून दिलेलं नसलं, की असंच होणार.

वास्तविक नियमाची दिशा आधीच दाखवलेली आहे. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) 2017 च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलेलं आहे, की संशोधनाचे निष्कर्ष संबंधित व्यक्तींना आणि समुदायांना कळवण्याचे प्रयत्न व्हायला हवेत. तुमच्या समित्यांच्या टेबलावर ते पुस्तक असतं. प्रकल्पाच्या सुरुवातीला तुम्ही कागद बारकाईने तपासता. प्रकल्प संपताना येणाऱ्या अहवालात मात्र 'निष्कर्ष कळवले का, कधी, कुठे, कोणत्या भाषेत' असा ठळक प्रश्न मी माझ्या कामात पाहिलेला नाही. समाजशास्त्र, लोककला, इतिहास, भाषा या विषयांत तर अनेक प्रबंध समितीपुढे जातच नाहीत.

परंपरा म्हणाल तर तीही आपलीच आहे. 6 जानेवारी 1832 ला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढलं, तेव्हा एका पानावर दोन स्तंभ होते, एक इंग्रजी, एक मराठी. हा माणूस एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवायचा, ताम्रपट आणि शिलालेख वाचायचा, कुलाब्याच्या वेधशाळेचं कामही त्याने पाहिलं. विज्ञान आणि संस्कृती त्याने वेगळ्या कप्प्यांत ठेवली नाही, आणि कुठलंही ज्ञान एकाच भाषेत ठेवलं नाही. पुढे भाऊ दाजी लाडांनी दवाखाना चालवला, कुष्ठरोगावर औषध शोधलं आणि प्राचीन लेखांचा अभ्यासही केला. आजच्या घडीला 1966 मध्ये स्थापन झालेली चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद पत्रिका चालवते आहे, टीआयएफआरचे शास्त्रज्ञ रविवारी सकाळी पृथ्वी थिएटरमध्ये येऊन लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात, आणि त्यांच्या खोडदच्या महादुर्बिणीपाशी विज्ञान दिनाच्या, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या सुमारास आसपासच्या शाळांतली मुलं लोटतात. ज्यांच्या शेतांशेजारी त्या तीस तबकड्या उभ्या आहेत त्यांनाही आकाशात काय सापडलं ते ऐकायचं असतं. मुंबई विद्यापीठाची बहिःशाल व्याख्यानं माझ्या आईच्या पिढीने ऐकलेली आहेत. हे सगळं हौसेवर आणि थोड्या माणसांच्या जिवावर चालतं. ते नियमात यावं, एवढंच मी म्हणते.

तुम्ही म्हणाल, विद्यार्थ्यांना वेळ कुठे आहे. खरंच नाही, फेलोशिप वेळेवर येत नाही, गाईडकडे माणसं खूप, पेपर छापल्याशिवाय गत नाही. म्हणूनच हे काम त्यांच्या चांगुलपणावर सोडू नका, त्याला गुण द्या, वेळ द्या. तुम्ही म्हणाल, मराठीत शब्द नाहीत. आमच्या वस्तीतल्या बायका शुगर, बीपी, सोनोग्राफी, बायोप्सी रोज बोलतात. नवे जड शब्द घडवत बसू नका, बोलतात तसं लिहा. तुम्ही म्हणाल, अर्धवट निष्कर्षांचा गैरसमज होईल. ही भीती मला रास्त वाटते. तेव्हा अर्धवट आहे ते अर्धवट म्हणूनच लिहा, 'अजून नक्की माहीत नाही' हे वाक्य लोकांना कळतं, आणि ते सांगणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात. आणि मुंबईत सगळे मराठी नाहीत, हे तर मीच रोज अनुभवते. म्हणून तर म्हटलं, ज्या भाषेत संमती घेतलीत त्या भाषेत सांगा. यादी तुमच्याकडे तयारच आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. माणसांवर आधारलेल्या प्रत्येक प्रबंधासोबत आणि प्रकल्पासोबत दोन पानांचं निष्कर्षपत्र असावं, व्हायवाच्या आधी ते समितीने वाचावं, आणि मराठी संमतीपत्राला लावता तीच कसोटी त्याला लावावी. गणित, खगोल, रसायन यांत कुणाची मुलाखत घ्यावी लागत नाही, पण पैसा आमच्याही कराचा असतो. त्या प्रबंधांचंही एक पान मराठीत विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवायला काहीच अडचण नाही. गाणं, कवन, वही, फोटो जे काही घरातून नेलं, त्याची प्रत त्या घरी परत गेल्याची पोच घेतल्याशिवाय पदवीची शिफारस होऊ नये. कवनं मूळ भाषेतच परिशिष्टात छापावीत. आणि प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात 'फील्ड व्हिजिट'खाली जसा प्रवास आणि मानधन धरता, तसा 'परतभेट' हा वेगळा खर्च धरावा. अनुदान देणाऱ्यांकडे तो मागा. मागितलाच नाही तर मिळणार कसा?

परतभेटीला संशोधक स्वतः यावा, निदान एकदा. बाकीची दारं आम्ही करू. कोणत्या घरात दुपारी कोण असतं, कोणत्या मंडळाच्या कार्यालयात चाळीस खुर्च्या मिळतात, महिला बचत गटाची बैठक कोणत्या वारी असते, हे आम्हाला माहीत आहे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या बायका यासाठी तयार आहेत. पुढच्या शैक्षणिक वर्षात पीएचडीची नवी नोंदणी सुरू होण्याआधी तुमच्या नियमावलीत हा बदल मांडला जाईल का, आणि कोणत्या बैठकीत, ते आम्हाला मराठीत कळवावं.

आपली विश्वासू,
एक क्षेत्र-सर्वेक्षक
परळ, मुंबई